सर्पगंधेची मुळी आणि उन्मादाची मीमांसा

मनोविकारांच्या चिकित्सेचा इतिहास सांगताना सामान्यतः जी मांडणी केली जाते ती अशी: माणसाने वेडाचे कारण प्रथम भूतबाधेत शोधले, मग शरीरातील दोषांत, मग मनात आणि अखेरीस मेंदूत, आणि कारण जसजसे उमगत गेले तसतशी चिकित्सा सुधारत गेली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या निबंधांतून ही मांडणी आम्ही वर्षानुवर्षे वाचीत आलो आहोत. ती सुटसुटीत आहे यात शंका नाही. परंतु विसाव्या शतकापुरते पाहिले तर घटनांचा क्रम बहुधा याच्या उलट लागतो. औषध आधी हाती आले, त्याचा गुण डोळ्यांना दिसला, आणि त्या गुणावरून रोगाचे कारण काय असावे याविषयीचे सिद्धांत मागाहून रचले गेले. त्यांतील काही फलदायी ठरले, काही सदोष निघाले. या क्रमाचे एक उत्कृष्ट उदाहरण आपल्या देशातील एका मुळीच्या इतिहासात सापडते. ती मुळी सर्पगंधेची होय.

सर्पगंधा हे हात-दीड हात वाढणारे लहान झुडूप आहे. कोकणात, सह्याद्रीच्या दमट वनांत, हिमालयाच्या पायथ्याशी व बंगाल-बिहारकडे ते आढळते. त्याचा औषधी भाग म्हणजे जमिनीत खोल जाणारे, चवीला अत्यंत कडू असे मूळ. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या संवादरूप ग्रंथात सर्पविषावर चालणाऱ्या काही मुळ्यांचे वर्णन आहे. त्यांतील एक सर्पगंधाच असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. वनस्पतिशास्त्रात या प्रजातीला मिळालेले राऊवोल्फिया हे नाव मात्र आउग्जबुर्ग येथील सोळाव्या शतकातील वैद्य लेओनहार्ड राऊवोल्फ याच्या स्मरणार्थ प्ल्युमिये या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७०३ मध्ये दिले.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा परामर्श घेतला पाहिजे. 'आमच्या ऋषिमुनींनी सहस्रावधी वर्षांपूर्वीच सर्पगंधेने वेड बरे केले होते' असे विधान व्याख्यानांतून वारंवार केले जाते. चरकसंहितेत उन्मादाचे विवेचन निदानस्थानात व चिकित्सास्थानात विस्ताराने आले आहे. वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि आगंतुक असे पाच प्रकार तेथे सांगितले आहेत. कल्याणघृतासारखी सिद्ध घृते, स्नेहन-स्वेदन, वमन-विरेचन, नस्य व अंजन यांचा तपशील आहे. इष्ट वस्तूच्या नाशाने उन्माद झाला असेल तर तत्सदृश वस्तू मिळवून देऊन रुग्णाचे सांत्वन करावे, असा मोठा मनोज्ञ उपदेशही आहे. त्याच अध्यायात दुसरीही एक चिकित्सा आहे: रुग्णाला दात काढलेला साप, शिकवून वश केलेला सिंह अथवा हत्ती दाखवून भेडसावावे, राजपुरुषांकरवी बांधून नेऊन वधाची भीती घालावी, अंधाऱ्या घरात कोंडावे. भय देहदुःखापेक्षा प्रबळ असल्याने विस्कटलेले चित्त त्यायोगे स्थिर होते, ही त्यामागची उपपत्ती होय. यांपैकी एक भाग उद्धृत करून दुसरा गाळणे हे प्रामाणिक संशोधकास शोभणारे नाही. सर्पगंधेपुरते बोलायचे तर प्राचीन ग्रंथांत हे नाव प्रामुख्याने विषचिकित्सेच्या संदर्भात येते. उन्मादावरील तिचा उपयोग लोकव्यवहारात रूढ झाला. बिहारमध्ये ही मुळी 'पागल की दवा' याच नावाने विकली जाई, आणि गरीब घरांतील स्त्रिया रडणाऱ्या मुलाला निजवण्यासाठी तिचा अल्प अंश देत. म्हणजे या ज्ञानाचे श्रेय द्यायचेच तर ग्रंथकारांपेक्षा ते नाव नसलेल्या वैदूंना, मुळ्या विकणाऱ्यांना व आयांना द्यावे लागेल.

ही बाजारातील मुळी विद्यमान वैद्यकाच्या दारात आणली ती कलकत्त्याच्या दोन चिकित्सकांनी. गणनाथ सेन हे आयुर्वेद व पाश्चात्त्य वैद्यक या दोहोंत पारंगत असलेले कविराज. 'प्रत्यक्षशारीरम्' हा संस्कृत शारीरग्रंथ त्यांचाच. कार्तिकचंद्र बोस या डॉक्टरांच्या सहकार्याने त्यांनी १९३१ मध्ये एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवरील एक नवे भारतीय औषध, असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता. मुळीचे चूर्ण वीस ते तीस ग्रेन या मात्रेने दिवसातून दोनदा दिल्यास रुग्ण शांत होतो व रक्तदाबही उतरतो, असे त्यांनी नमूद केले.

त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बी महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी या मुळीतून पाच अल्कलॉइडे स्फटिकरूपात वेगळी केली. हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्यांतील तिघांना अजमलीन, अजमलिनीन व अजमलिसीन अशी नावे देण्यात आली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे काम अव्वल दर्जाचे होते. परंतु योगायोग असा की, रुग्णाला शांत करणारे द्रव्य या पाचांत नव्हते. ते मुळीच्या राळेसारख्या चिकट अंशात राहून गेले होते, आणि असा अंश शुद्ध स्फटिकांचा शोध घेणारा रसायनज्ञ स्वभावतःच बाजूला सारतो. (अजमलीन पुढे हृदयाच्या अनियमित स्पंदनांच्या चिकित्सेत व निदानात उपयोगी ठरले, हा भाग निराळा.)

सेन-बोस यांच्या शीर्षकात दोन रोग होते. पुढील वीस वर्षे वैद्यक जगताने त्यांपैकी एकाकडेच प्रामुख्याने लक्ष दिले. कलकत्त्यात रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ पासून या मुळीचे औषधिशास्त्रीय परीक्षण केले. मुंबईचे हृदरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर पद्धतशीर प्रयोग करून त्यांचा वृत्तांत १९४९ मध्ये ब्रिटिश हृदरोग नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि तेव्हा कोठे पाश्चात्त्य चिकित्सकांचे लक्ष या मुळीकडे गेले. वेडाचे काय झाले? शीर्षकातील तो अर्धा भाग जवळजवळ विस्मृतीत गेला.

असे का व्हावे, या प्रश्नात आमच्या मते या इतिहासाचे मर्म आहे. रक्तदाब मोजता येतो. रीव्हा-रोच्ची याने १८९६ मध्ये दंडाला बांधायचा पट्टा सिद्ध केला, कोरोत्कॉफ याने १९०५ मध्ये नाडीचे ध्वनी ऐकून दाब ठरविण्याची रीत सांगितली, आणि तेव्हापासून रक्तदाब हा एक आकडा झाला. औषधापूर्वीचा आकडा व औषधानंतरचा आकडा शेजारी शेजारी मांडले की कोणत्याही देशातील वाचकाला तो पुरावा म्हणून मान्य करावा लागतो. 'रुग्ण शांत झाला, झोपू लागला, घरच्यांशी बोलू लागला' या वाक्याला असा आकडा नव्हता. तो प्रत्यय वैद्याच्या सांगण्यावर अवलंबून होता. आणि तो वैद्य कलकत्त्याचा कविराज असला, की साहेबी वैद्यकाच्या न्यायासनापुढे त्याचे वजन आणखीच घटे.

दुसरेही एक कारण दिसते. त्याच काळात यूरोपातील मनोविकारचिकित्सा एका वेगळ्याच आवेगात होती. व्हिएन्नाच्या वाग्नर-यॉरेग याने उपदंशजन्य उन्मादी पक्षाघाताच्या रुग्णांना मुद्दाम हिवतापाची लागण करून गुण आणला आणि त्याबद्दल १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळविले. त्यानंतर झाकेलची इन्सुलिन-मूर्च्छा (१९३३), मेदुनाने औषधाने आणलेले झटके (१९३४), मोनिझची मेंदूच्या अग्रभागावरील शस्त्रक्रिया (१९३५) व चेर्लेत्तीचा विद्युत्-आघात (१९३८) अशी उपायांची मालिकाच सुरू झाली. या साऱ्यांत जोरकस, नाट्यपूर्ण हस्तक्षेपाची श्रद्धा होती. आठवडेच्या आठवडे कडू चूर्ण देऊन वाट पाहणे या वातावरणाशी जुळणारे नव्हते. मूर्च्छा व आघात यांमागे काहीतरी उपपत्ती होती असे वाटेल. परंतु त्याही बहुतेक मागाहून चिकटविलेल्या होत्या. छिन्नमानस व अपस्मार हे विकार परस्परविरोधी आहेत, या ज्या कल्पनेवर मेदुनाने आपली चिकित्सा उभारली ती पुढे टिकली नाही. झटक्यांचा गुण मात्र, विशेषतः तीव्र अवसादात, टिकला. चरकातील भयचिकित्सा आणि विसाव्या शतकातील आघातचिकित्सा यांत किती अंतर आहे, याचा विचार वाचकांनीच करावा.

भारतात तर मनोरुग्णालये म्हणजे प्रामुख्याने कोंडवाडेच होते. १९१२ च्या कायद्यान्वये चालणाऱ्या या संस्थांतील एकूण खाटा १९४६ साली, भोर समितीच्या अहवालाच्या वेळी, सुमारे दहा हजार होत्या. लोकसंख्येच्या मानाने चाळीस हजार माणसांमागे एक खाट. तेच प्रमाण इंग्लंडात तीनशे माणसांमागे एक. एवढ्या थोड्या जागेत येणारा रुग्ण बहुधा घरच्यांनी सर्व उपाय थकल्यावर, किंवा पोलिसांनी पकडून आणलेला असे. बाहेर बाजारात 'पागल की दवा' मिळत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या परिस्थितीतील विपर्यास मनाला टोचल्यावाचून राहत नाही.

विसरलेला अर्धा भाग परत आला तो आडवाटेने. वकीलांच्या निबंधानंतर बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देण्यास आरंभ केला, तेव्हा दाब उतरण्याबरोबरच रुग्णांना एक प्रकारची निश्चिंतता येते असे त्यांच्या ध्यानात आले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा कंपनीच्या म्यूलर, श्लिटलर व बाइन यांनी त्या टाकून दिलेल्या राळसदृश अंशातूनच मुख्य कार्यकारी द्रव्य वेगळे केले; त्याला रेसर्पीन हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी अहमदाबादचे डॉ. रा. अ. हकीम यांनी गुजरात-सौराष्ट्राच्या वैद्यकीय परिषदेत मनोविकारांवरील देशी औषधांचा आपला अनुभव मांडला. न्यूयॉर्क राज्यातील रॉकलँड मनोरुग्णालयाचे नेथन क्लाइन यांनी तेथील रुग्णांवर या औषधाचे प्रयोग केले व १९५४ मध्ये ते प्रसिद्ध केले. क्लाइन एक हकिकत सांगत असत. औषध सुरू झाल्यावर काही काळाने रुग्णालयाच्या काचा बसविणाऱ्या कामगाराने विचारले, की त्या विभागातून हल्ली फुटक्या काचांची तक्रार का येत नाही? मनःस्थितीला आकडा नाही, हे आम्ही वर म्हटले. येथे तो आकडा काचांच्या रूपाने सापडला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

मात्रेचा एक स्थूल हिशेबही येथे उद्बोधक ठरेल. मुळीत रेसर्पिनाचे प्रमाण साधारणपणे हजारात एक भागाच्या आसपास असते. सेन-बोस यांची चूर्णाची दैनिक मात्रा चाळीस ते साठ ग्रेन, म्हणजे अदमासे अडीच ते चार ग्रॅम. यातून दिवसाला अडीच ते चार मिलिग्रॅम रेसर्पीन पोटात जाते. रक्तदाबासाठी पुढे रूढ झालेली मात्रा याच्या दशांशाहूनही कमी. मनोविकारांसाठी वापरली गेलेली मात्रा मात्र कित्येक मिलिग्रॅम. म्हणजे १९३१ सालची मात्रा ठरविताना बाजारच्या परंपरेने वेड हाच रोग डोळ्यांपुढे ठेवला होता, हे उघड दिसते.

१९५७ चे अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळालेल्यांत वकील व क्लाइन दोघेही होते; एकाला रक्तदाबावरील, तर दुसऱ्याला मनोविकारांवरील कार्याबद्दल. सव्वीस वर्षांपूर्वीच्या कलकत्त्याच्या शीर्षकातील दोन्ही अर्ध्या भागांचा असा एकाच वर्षी सन्मान झाला. त्याच वेळी पारितोषिक मिळालेल्यांत आंरी लाबोरी व प्येर दनिकेर हेही होते. त्यांच्या औषधाचा उल्लेख आता करणे प्राप्त आहे. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात दले व दनिकेर यांनी क्लोरप्रोमझीन हे कृत्रिम औषध मनोरुग्णांना देण्यास प्रारंभ केला. लाबोरी या शस्त्रवैद्याला शस्त्रक्रियेपूर्वीच्या तयारीत त्याचा शामक गुण आढळला होता. क्लोरप्रोमझिनाचा परिणाम लवकर दिसे. रेसर्पिनाला अवधी लागे, रक्तदाब फार उतरे, नाक चोंदे, जुलाब होत. काही वर्षांतच मनोरुग्णालयांतून सर्पगंधा मागे पडली. तथापि दोन्ही औषधांनी मिळून जे घडविले ते अपूर्व होते. अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांतील रुग्णसंख्या १९५५ मध्ये साडेपाच लाखांच्या वर पोहोचली होती. त्या वर्षानंतर ती उतरणीस लागली. या घटीचे सर्व श्रेय औषधांना देता येणार नाही, कारण शासनाची धोरणे व खर्चाचे गणितही तिच्यामागे होते. पण दारे उघडण्याचे धैर्य औषधांनी दिले, एवढे निश्चित.

चिकित्सालयातून मागे पडलेली सर्पगंधा प्रयोगशाळेत मात्र पुढे आली. येथवर औषध हाती होते, गुण दिसत होता, पण कारणाचा पत्ता नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत याच सुमारास प्रकाशाच्या साहाय्याने द्रव्याचे अत्यल्प प्रमाण मोजणारे एक नवे यंत्र सिद्ध झाले. त्याच्या आधारे ब्रोडी, शोर व प्लेचर यांनी १९५५ मध्ये दाखविले की, रेसर्पीन दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिन हे द्रव्य जवळजवळ नाहीसे होते. मज्जापेशी आपापसांत संदेश देण्यासाठी अशी द्रव्ये वापरतात आणि ती सूक्ष्म कोठारांत साठवून ठेवतात. रेसर्पीन या कोठारांचे दारच बंद करते. माल आत जाऊ शकत नाही, बाहेर पडून राहतो व पेशीतील विकरे त्याचा नाश करतात. पुन्हा एकदा मोजमापाचे साधन आधी आले आणि कारणमीमांसेने त्याचा माग धरला.

स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनाने निपचित पडलेल्या सशांना डोपा हे द्रव्य टोचले, आणि ससे थोड्याच वेळात उठून हिंडू लागले. सेरोटोनिनचे पूर्वद्रव्य देऊन असे होत नव्हते. यावरून डोपामीन हे स्वतंत्र संदेशवाहक द्रव्य आहे, असे अनुमान निघाले. त्यातून कंपवाताचे कारण व १९६१ मध्ये त्यावरील औषधोपचार हाती आला. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. बिहारच्या बाजारातील मुळीने वेडाचे कोडे सोडविले नाही. कंपवाताचे मात्र सोडविण्यास मदत केली.

वेडाच्या, विशेषतः अवसादाच्या बाबतीत या मुळीने काय शिकविले, हे पाहताना अधिक सावध राहिले पाहिजे. १९५४ पासून असे वृत्तांत येऊ लागले, की दीर्घकाळ मोठ्या मात्रेत रेसर्पीन घेणारे रक्तदाबाचे काही रुग्ण खिन्न व निराश होतात. इकडे क्षयावरील आयप्रोनायझिड या औषधाने रुग्ण उत्साही होतात असे दिसले होते, आणि ते औषध याच संदेशद्रव्यांचा नाश थांबवीत होते. दोन निरीक्षणे एकमेकांस तराजूच्या पारड्यांप्रमाणे जुळली: द्रव्ये घटली की अवसाद, वाढली की उल्हास. १९६५ मध्ये शिल्डक्राउट यांनी या सिद्धांताला व्यवस्थित रूप दिले. मानसिक व्यथा म्हणजे मेंदूतील एखाद्या द्रव्याची उणीव, ही आज घरोघरी पोहोचलेली कल्पना येथून निघाली.

परंतु पारडी इतकी समतोल नव्हती. १९५५ मध्येच लंडनच्या डेव्हिस व शेफर्ड यांनी नियंत्रित प्रयोग करून दाखविले होते की, चिंता व अवसाद असलेल्या रुग्णांना रेसर्पिनाने उलट बरे वाटते. हा निबंध वाचला गेला नाही असे नव्हे. सिद्धांताच्या ओघात तो बाजूला पडला, एवढेच. पुढे जुन्या वृत्तांतांची फेरतपासणी झाली, तेव्हा ज्यांना खरा अवसाद झाला त्यांच्यापैकी पुष्कळांना पूर्वीही तो होऊन गेला होता, आणि इतरांची अवस्था बरीचशी औषधाने आलेल्या मंदपणाची होती, असे मत पुढे आले. शिवाय अवसादावरील औषधे संदेशद्रव्यांचे प्रमाण काही तासांत बदलतात, रुग्णाला आराम मात्र दोन-तीन आठवड्यांनी पडतो; या विलंबाचा उलगडा साध्या उणिवेच्या कल्पनेने होत नाही. औषधाने गुण येतो म्हणून त्या औषधाच्या अभावानेच रोग झाला असे मानणे, हा तर्कदोष ओळखीचा आहे. डोकेदुखी अॅस्पिरिनने थांबते. म्हणून ती अॅस्पिरिनच्या उणिवेने होते असे कोणी म्हणत नाही. यावरून ही औषधे निरुपयोगी आहेत, असा जो निष्कर्ष हल्ली काही जण उत्साहाने काढतात, तोही तितकाच अप्रमाण होय. मेदुनाची उपपत्ती कोसळली तरी झटक्यांचा गुण उरला, हे आपण पाहिलेच आहे.

सर्पगंधेची वनस्पती म्हणून झालेली गत थोडक्यात सांगायची तर, मूळच उपयोगाचे असल्याने ते खणताना झाड मरते. परदेशी मागणीमुळे रानोमाळ ती इतकी खणली गेली, की आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

तिच्यावरून बेतलेल्या एका औषधाची कथा मात्र अजून चालू आहे. १९५० च्या दशकात रेसर्पिनासारखेच काम करणारे टेट्राबेनझीन हे कृत्रिम द्रव्य मनोविकारांसाठी तयार झाले होते. क्लोरप्रोमझिनापुढे त्याचाही निभाव लागला नाही. क्लोरप्रोमझीन व तत्सम औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्या कित्येक रुग्णांच्या ओठांना, जिभेला व हातापायांना अनावर हालचालींची व्याधी जडते, हे पुढे ध्यानात आले, आणि तिच्यावर अनेक दशके खात्रीचा इलाज नव्हता. २०१७ मध्ये अमेरिकेत या व्याधीसाठी दोन औषधांना मान्यता मिळाली. दोन्ही टेट्राबेनझिनापासून सिद्ध केलेली आहेत, आणि रेसर्पीन कोठाराचे जे दार बंद करीत असे तेच दार ही औषधे सौम्यपणे अडवितात.